१२४ सेकंद आणि ४२ नंबर : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

सुरुवात केली एकदाची. काम असं आहे: मराठीत एक ऑडिओ गोष्ट करायची, चाळीस मिनिटांच्या आसपास, आमच्या बॉक्सिंग क्लबातल्या पोरांसाठी आणि ज्याला ऐकायची त्या सगळ्यांसाठी. क्लबाच्या भिंतीवर जो लुईस या बॉक्सरचा फोटो कित्येक वर्षं लावलेला आहे पण पोरांना विचारलं की हा कोण, तर "सर, जुना चँपियन" एवढंच सांगतात. आधी ठरलं होतं फक्त लुईसवर करायची. मग वाचता वाचता कळलं की १९४२ साली कॅन्ससमधल्या एका लष्करी छावणीत हा बॉक्सर आणि पुढे बेसबॉलचा इतिहास बदलणारा जॅकी रॉबिन्सन एकत्र होते आणि तिथे एक फोन झाला. तो फोन मला गोष्टीच्या मध्यावर पाहिजे. म्हणजे आता दोघांवर.

रेकॉर्डिंग आणि एडिटिंग भाची बघणार. बॉक्सिंगचं तांत्रिक सगळं कोच सर तपासणार. लिहिणार मी. १५ एप्रिलला गोष्ट बाहेर पडली पाहिजे कारण १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन पहिल्यांदा ब्रुकलिन डॉजर्स या मोठ्या लीगच्या बेसबॉल टीमकडून खेळला.

१८ जानेवारी

बालपणाचा भाग लिहून झाला, तीन पानं, जास्त झालीत, कापावी लागतील.

लुईस १३ मे १९१४ ला अलाबामात लाफायेट गावाजवळ जन्मला, पूर्ण नाव जोसेफ लुईस बॅरो, आठ भावंडांतला सातवा. घरचे बटईने कापूस करायचे. हा बटईचा शब्द मुद्दाम ठेवलाय, आपल्याकडे गावात कुणालाही लगेच कळतं की जमीन दुसऱ्याची, राबणं आपलं आणि वर्षाच्या शेवटी हिशोबात आपणच देणं लागतो. वडलांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेलं, आईने दुसरं लग्न केलं आणि १९२६ ला सगळे डेट्रॉइटला गेले. आई व्हायोलिनच्या शिकवणीसाठी पैसे द्यायची आणि हा त्यातून ब्रूस्टर सेंटरच्या जिममध्ये लॉकर भाड्याने घ्यायचा, ही गोष्ट पोरांना आवडणार.

रॉबिन्सन ३१ जानेवारी १९१९, जॉर्जियातलं कैरो गाव. पाच भावंडांत धाकटा. बाप सोडून गेला, आई मॅली पाचही पोरं घेऊन ट्रेनने कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला गेली आणि लोकांच्या घरची कामं करून वाढवलं. थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटरला रौप्य घेऊन आला, पुढे फक्त जेसी ओवेन्स होता. आणि घरी आल्यावर त्याला काम काय मिळालं, तर पॅसाडेनाचे रस्ते झाडायचं. हे वाक्य लिहिल्यावर मी त्या दिवशी पुढे काही लिहिलं नाही.

२६ जानेवारी

सुट्टी होती, दिवसभर बसलो. जॅक जॉन्सन आल्याशिवाय लुईस समजत नाही हे आज पक्कं झालं.

जॉन्सन पहिला काळा हेवीवेट चँपियन, १९०८ पासून. हसत हसत मारायचा, समोरच्याला रिंगमध्येच बोलायचा, भारी गाड्या, गोऱ्या बायकांशी लग्नं. ४ जुलै १९१० ला रीनोमध्ये त्याने जेफ्रीज या गोऱ्या माजी चँपियनला हरवलं आणि त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी काळ्या लोकांवर हल्ले झाले, माणसं मेली. पुढे त्याच्यावर खटला घालून त्याला देश सोडायला लावलं. १९१५ ला तो हरला आणि त्यानंतर २२ वर्षं एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट किताबाची लढत मिळाली नाही. बावीस वर्षं! म्हणजे एक पूर्ण पिढी जिममध्ये घाम गाळून म्हातारी झाली.

म्हणून लुईसचे मॅनेजर जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक, दोघेही काळेच, त्यांनी त्याला नियम घालून दिले. गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही. नाइट क्लबात एकट्याने जायचं नाही. पडलेल्या माणसासमोर आनंद दाखवायचा नाही. कॅमेऱ्यासमोर चेहरा कोरा ठेवायचा. आणि हे नियम पेपरवाल्यांपर्यंत पोचतील याचीही व्यवस्था केली. लुईसचे त्या काळचे फोटो बघा, दात क्वचितच दिसतात. मी लहानपणापासून तो भिंतीवरचा फोटो बघून समजत होतो की माणूस स्वभावानेच गंभीर असणार. तो चेहरा त्याला शिकवलेला होता, जसा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) शिकवतात तसा. वय काय तर वीस-एकवीस.

हा मुद्दा गोष्टीचा कणा आहे. कारण पुढे रॉबिन्सनलाही नेमकं हेच सांगितलं जाणार आहे.

२ फेब्रुवारी

कोच सरांबरोबर अडीच तास. १९ जून १९३६ ची पहिली श्मेलिंग लढत. लुईस तोवर एकही व्यावसायिक लढत हरला नव्हता आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग तीस वर्षांचा, त्याला कुणी धरतच नव्हतं. पण श्मेलिंगने लुईसच्या फिल्म बघितल्या होत्या आणि त्याला दिसलं होतं की जॅब मारल्यावर लुईसचा डावा हात परत येताना खाली येतो. तेवढ्याच फटीतून उजवा हात घालायचा. बाराव्या राउंडला लुईस आडवा.

सरांनी मला उभं करून दाखवलं. "मार जॅब. आता हात बघ कुठंय तुझा." माझा हात छातीशी. त्यांनी हळूच गालाला बोट लावलं. म्हणाले हे असंच सांग पोरांना, मोठ्या शब्दांत सांगू नको. मग स्क्रिप्टमध्ये तेच वाक्य घेतलं: हात परत येताना छातीशी आला, गालाशी यायला पाहिजे होता.

आणखी एक, सर म्हणाले ट्रेनरचं नाव विसरू नकोस. जॅक ब्लॅकबर्न, स्वतः जुना लाइटवेट, लुईसला पाय आणि कॉम्बिनेशन याने शिकवलं. तो लुईसला चॅपी म्हणायचा आणि लुईस त्याला चॅपी म्हणायचा. घातलं.

९ फेब्रुवारी

आज १२४ सेकंदांचं काम.

२२ जून १९३८, यँकी स्टेडियम, सत्तर हजार माणसं, आणि रेडिओवर कोट्यवधी. लुईस आता चँपियन होता, बरोबर एक वर्षापूर्वी याच तारखेला ब्रॅडॉककडून किताब घेतलेला, पण तो म्हणत होता की श्मेलिंगला हरवेपर्यंत मला चँपियन म्हणू नका. लढत संपली पहिल्याच राउंडला, दोन मिनिटं चार सेकंद. श्मेलिंग तीनदा खाली गेला. बरगडीच्या बाजूला बसलेल्या एका ठोशाने तो ओरडला ते रिंगभोवतीच्यांनी ऐकलं, मणक्याला फ्रॅक्चर निघालं नंतर. त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आत फेकला, म्हणजे हार मानली, रेफ्री आर्थर डोनोव्हनने तो उचलून बाहेर फेकला आणि मग बघून स्वतःच लढत थांबवली.

कल्पना अशी होती की हे वर्णन बरोबर १२४ सेकंदांत वाचायचं, ऐकणाऱ्याला तेवढाच वेळ मिळाला पाहिजे जेवढा श्मेलिंगला मिळाला. पहिला मसुदा ३ मिनिटं १० सेकंद. विशेषणं काढली, २ मिनिटं ४०. मग टॉवेलचा भाग नंतरच्या परिच्छेदात ढकलला. सातव्या टेकला १२६. भाची म्हणाली मामा दोन सेकंद मी श्वासातून काढते, मी नको म्हटलं, श्वास राहू दे, शब्द काढू. "अत्यंत" आणि "पुन्हा एकदा" काढले. १२४.

१० फेब्रुवारी

कालचं रात्री परत ऐकलं, एक गोष्ट खटकली. आम्ही श्मेलिंगला व्हिलन केलाय. हिटलरच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं हे खरं पण तो नाझी पक्षाचा सभासद कधी नव्हता, त्याचा मॅनेजर जो जेकब्स ज्यू होता आणि पक्षाने सांगूनही त्याने त्याला सोडलं नाही, आणि नोव्हेंबर १९३८ ला ज्यूंवर हल्ले झाले त्या रात्री त्याने दोन ज्यू मुलांना बर्लिनमध्ये आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवलं. पुढे तो आणि लुईस दोस्त झाले, लुईसच्या अंत्यसंस्काराच्या खर्चालाही त्याने हातभार लावला. हे सगळं घ्यायचं. ४५ सेकंद वाढतील, वाढू देत. पोरांना कुणाचं नाव चुकीचं लक्षात राहायला नको.

२३ फेब्रुवारी

फोर्ट रायली. हे मी पाच वेळा लिहिलं.

आधी ९ जानेवारी १९४२. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन महिना झाला होता. लुईसने किताब पणाला लावून बडी बेअरशी लढत केली आणि आपली सगळी कमाई, ४७ हजार डॉलरच्या आसपास, नेव्हीच्या मदत फंडाला देऊन टाकली. कुठल्या नेव्हीला? जिथे त्या वेळी काळ्या माणसाला जेवणघरात ताटं वाढण्यापलीकडे काम देत नव्हते. लगेच तो साध्या शिपायाच्या हुद्द्यावर सैन्यात भरती झाला. मार्चमध्ये एब सायमनशी लढला, ती कमाई आर्मीच्या फंडाला.

रॉबिन्सनही त्याच वर्षी भरती झाला आणि कॅन्ससला फोर्ट रायलीच्या घोडदळात आला. यूसीएलएमधे चार खेळांत कॉलेजकडून खेळलेला, शिकलेला, त्याने आणि आणखी काही काळ्या सैनिकांनी अधिकारी होण्याच्या कोर्ससाठी अर्ज केला. कागदावर ते पात्र होते. महिने गेले, उत्तर नाही. नकारही नाही, नुसतं थांबवून ठेवलेलं. आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात फाईल घेऊन हेलपाटे मारलेल्या माणसाला हे थांबवून ठेवणं काय असतं ते सांगायची गरज नाही.

मग तिथे लुईस आला. रॉबिन्सनने त्याला सांगितलं. आणि लुईसने, ज्याला सगळे अबोल म्हणायचे, वॉशिंग्टनला फोन लावला. ट्रूमन गिब्सन नावाचे एक काळे वकील युद्धमंत्र्यांच्या ऑफिसात होते, त्यांना. त्यानंतर हालचाल झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये रॉबिन्सन सेकंड लेफ्टनंट झाला.

याच छावणीत रॉबिन्सन बेसबॉलच्या टीममध्ये खेळायला गेला होता, तर त्याला सांगितलं की तू काळ्यांच्या टीमकडून खेळ. काळ्यांची टीम छावणीत नव्हतीच. तो थोडा वेळ मैदानाकडे बघत उभा राहिला आणि एकटाच निघून गेला. ही आठवण पीट रायझर या गोऱ्या खेळाडूने सांगितलेली आहे, आणि पुढे १९४७ ला हाच रायझर डॉजर्समध्ये त्याच्या शेजारी खेळला.

पहिल्या चार मसुद्यांत मी फोनच्या सीनला संवाद घातले होते. काढून टाकले सगळे. ते फोनवर काय बोलले ते मी बनवून सांगणं बरोबर नाही. आता नुसतं एवढंच आहे की त्याने फोन उचलला आणि वॉशिंग्टनला लावला, आणि मग तीन सेकंद शांतता. भाचीला तिथे म्युझिक पाहिजे होतं. चर्चा झाली, शांतता राहिली.

२ मार्च

बसचं प्रकरण. दोन बस आहेत खरं तर.

१९४४ च्या सुरुवातीला अलाबामातल्या कॅम्प सायबर्ट या छावणीत लुईस आणि बॉक्सर शुगर रे रॉबिन्सन (हा वेगळा रॉबिन्सन, पोरांचा गोंधळ होणार, नाव पूर्णच घ्यायचं) बसची वाट बघत गोऱ्यांच्या जागेत बसले, मिलिटरी पोलिसाने हटकलं, हे हलले नाहीत, दोघांना ताब्यात घेतलं. लुईस जगाचा चँपियन, अंगावर त्याच देशाचा युनिफॉर्म. गाजावाजा झाला. त्याच उन्हाळ्यात आर्मीचा आदेश होता की लष्करी बसमध्ये वेगळं बसवायचं नाही.

६ जुलै १९४४, टेक्सासमध्ये कॅम्प हूड. लेफ्टनंट रॉबिन्सनला ड्रायव्हर म्हणाला मागे जाऊन बस. तो म्हणाला नाही जात. कोर्ट मार्शल झालं, ऑगस्टमध्ये निर्दोष सुटला. पण तोवर त्याची ७६१ वी टँक बटालियन त्याच्याशिवाय युरोपच्या वाटेला लागलेली, आणि नोव्हेंबरमध्ये तो सैन्यातून सन्मानाने बाहेर पडला. म्हणजे हा माणूस उलट उत्तर देणारा होता, रागीट होता, हे लक्षात ठेवून पुढचं ऐका असं स्क्रिप्टमध्ये थेट लिहिलंय.

८ मार्च

बेसबॉल मराठीत कसं सांगायचं. क्रिकेटच्या भाषेत सगळं बसवायला गेलो तर खोटं होतं, पिचर म्हणजे बोलर नाही आणि कॅचर म्हणजे विकेटकीपर नाही. शेवटी एवढंच घेतलं: चार कोपऱ्यांचं मैदान, बॉल मारायचा, एकेक कोपरा (बेस) गाठत परत घरी (होम) यायचं, घरी आलं की रन. आणि "बेस चोरणं" मात्र नीट समजावलंय कारण रॉबिन्सन त्यातच पटाईत होता. पिचरच्या हातात बॉल असताना हा पहिल्या बेसपासून चार पावलं पुढे उभा राहणार, नाचणार, परत जाणार, पिचरचं चित्त उडवणार आणि एका क्षणी सुटणार. खो-खो खेळलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही. होम चोरणं तर सगळ्यात अवघड, ते त्याने कारकिर्दीत १९ वेळा केलं, शिवाय १९५५ च्या वर्ल्ड सिरीजच्या (सीझनच्या शेवटी अजिंक्यपदाच्या मॅच) पहिल्या मॅचला, वय ३६.

१६ मार्च

आज सगळ्यात लांब सेशन. रिकीच्या ऑफिसचा भाग.

बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये काळे खेळाडू नव्हते, १८८४ नंतर एकही नाही. लेखी नियम कुठेच नव्हता, सगळ्या मालकांची समजूत होती फक्त. काळ्यांच्या स्वतःच्या लीग होत्या, १९२० पासून, त्यात सॅचल पेज आणि जॉश गिब्सनसारखे खेळाडू, आणि १९४५ ला रॉबिन्सन तिथे कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळत होता. २८ ऑगस्ट १९४५ ला डॉजर्सचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीने त्याला ब्रुकलिनला बोलावलं. तीन तास. रिकी स्वतः उठून शिव्या देणाऱ्या हॉटेलवाल्याची, बुटाचे स्पाइक पायावर मारणाऱ्या खेळाडूची सोंगं करून दाखवत होता, बघायला की हा काय करतो. आणि मागणी एकच, उलट मारायचं नाही.

कॅम्प हूडच्या बसमध्ये जागेवरून न हललेल्या माणसाकडे ही मागणी.

१९४६ ला माँट्रियलमध्ये एक सीझन, तिथे बॅटिंगची सरासरी .३४९, म्हणजे शंभरातल्या पस्तीसेक वेळा हिट (बॉल मारून बेस गाठणं). १५ एप्रिल १९४७ ला एबेट्स फील्ड, २६ हजारांच्या वर प्रेक्षक, त्यात अर्ध्याहून जास्त काळे, बायको रेचल काही महिन्यांचं बाळ घेऊन आलेली. आणि त्या दिवशी त्याला एकही हिट मिळाली नाही! भाची म्हणाली हे सांगायचं का, निराशा होईल. मी म्हटलं हेच सांगायचं. इतिहास घडला त्या दिवशी माणूस शून्यावर होता आणि एक रन काढून घरी आला, टीम ५-३ ने जिंकली.

आठवडाभरात फिलाडेल्फियाची टीम आली. त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू डगआउटमधून (टीमच्या बसायच्या जागेतून) तिन्ही मॅचभर जे बोलले ते मी मराठीत आणणार नाही. रॉबिन्सन गप्प. शेवटी त्याच्याच टीमचा एडी स्टँकी, जन्माने फिलाडेल्फियाचा पण अलाबामात घर केलेला, त्यांच्यावर ओरडला की ज्याला उत्तर देता येतं त्याच्याशी बोला ना. वर्षाच्या शेवटी रॉबिन्सन रूकी ऑफ द इयर (वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू), २९ बेस चोरलेले, ९ वेळा अंगावर बॉल खाल्लेला. १९४९ ला सरासरी .३४२ आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच सुमारास ती उलट न बोलायची अट संपली. तो बोलायला लागला आणि लगेच पेपरवाले लिहायला लागले की हा फार बोलतो.

हे वाचताना आज माझा आवाज एकदोन ठिकाणी बसला. परत घेतलं नाही.

२२ मार्च

लुईसच्या टॅक्सचा भाग, कोच सरांचा आग्रह होता की हे टाळायचं नाही, रिंगमध्ये जाणाऱ्या पोरांना पैशाचं कळलं पाहिजे.

लुईसने किताब २५ वेळा राखला, जवळपास पावणेबारा वर्षं. कमावलेलं मॅनेजर, प्रमोटर, घरचे, दोस्त, फसलेले धंदे यात गेलं. हिशोब ठेवणारे निष्काळजी होते. आणि सैन्याच्या फंडांना दिलेली ती कमाईसुद्धा त्याचं उत्पन्न म्हणून धरली गेली. १९५० पर्यंत पाच लाख डॉलरच्या वर थकबाकी, त्यावर व्याज. फेडायला म्हणून निवृत्ती सोडून परत रिंगमध्ये, पण जे मिळेल त्यावर त्या काळचा टॅक्स वरच्या टप्प्याला नव्वद टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेवढं जास्त लढेल तेवढं नवीन देणं तयार. २६ ऑक्टोबर १९५१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ३७ वर्षांचा लुईस रॉकी मार्सियानो या तरुण बॉक्सरकडून आठव्या राउंडला दोरांमधून बाहेर पडला. नंतर पैशासाठी कुस्तीचे शो केले, शेवटी लास व्हेगसच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत.

बिहेवियर, शिस्त, कोरा चेहरा, दान, सैन्य, सगळं सांगितल्याप्रमाणे केलेला माणूस. मला अजून राग येतो आणि तो आवाजात राहू दिलाय.

३० मार्च

कापाकापी. ५३ मिनिटं झालीत.

आंबेडकरांनी जुलै १९४६ ला अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना लिहिलेलं पत्र मी घेतलं होतं, अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या काळ्यांची स्थिती किती सारखी आहे ते त्यात आहे. त्या उन्हाळ्यात रॉबिन्सन माँट्रियलला खेळत होता, म्हणून मोह झाला. ४० सेकंदांचं केलं आणि ठेवलं. पाळवणकर बाळूंवरचा भाग मात्र काढला, पुण्यात बोलिंग करायचे आणि चहा मात्र बाहेर वेगळ्या भांड्यात मिळायचा त्या बाळूंचा. त्यांना दोन मिनिटांत उरकणं चुकीचं आहे, त्यांच्यावर पूर्ण गोष्ट करायची.

६ एप्रिल

शेवटचा भाग. रॉबिन्सन १९६२ ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (मानाच्या यादीत). ऑक्टोबर १९७२ ला वर्ल्ड सिरीजमध्ये सत्कार झाला, डायबेटिसने नजर जवळपास गेलेली, केस पांढरे, आणि त्याने माइकवर आभार मानून सांगितलं की तिथे थर्ड बेसच्या बाजूला काळा मॅनेजर उभा दिसला तर जास्त आनंद होईल. नऊ दिवसांनी वारला, वय ५३. पहिला काळा मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ ला आला. जॅकीच्या शर्टाचा ४२ नंबर १९९७ ला सगळ्याच टीमनी बाजूला ठेवला.

लुईस १२ एप्रिल १९८१ ला गेला, आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरला, त्यासाठी राष्ट्राध्यक्ष रेगननी नियम शिथिल केला.

१३ एप्रिल

क्लबात पोरांना ऐकवलं, तेवीस जण होते. १२४ सेकंदांना कुणी हललं नाही. बेसबॉलच्या समजावण्यात दोघांना कंटाळा आला तिथे १५ सेकंद कापले. संपल्यावर सब-ज्युनियरमधल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, सर, त्याचे नेव्हीला दिलेले पैसे मग टॅक्सवाल्यांनी सोडले का शेवटी. मी सांगितलं की साठच्या दशकात वसुली सैल केली, चालू कमाईवरच घेऊ म्हणाले. ती म्हणाली, हे गोष्टीत नाहीये.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक, सकाळपासून ढोल आणि डीजे, रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. दुपारी मिरवणुकीत गेलो. रात्री साडेबारानंतर रस्ता शांत झाल्यावर भाचीच्या खोलीत पंखा बंद करून त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत रेकॉर्ड केलं, मार्सियानोच्या लढतीनंतर जोडलं. पहाटे अडीचला फाईल तयार, ४१ मिनिटं ५० सेकंद. सकाळी टाकतो.